आबांचं कसाले

चर्चच्या माणसाने आजारपणावर लिहायला घेतलं की वाचणाऱ्याला शेवट आधीच माहीत असतो. डॉक्टरांनी हात टेकले, पास्टरांनी डोक्यावर हात ठेवला, आणि तिसऱ्या परिच्छेदात पेशंट पलंगावरून उडी मारून टाळ्या वाजवायला लागला. आमच्या मंडळीत याला साक्ष देणं म्हणतात. मंडळी म्हणजे आमच्याकडे चर्चची माणसं, बायको नव्हे. बाहेरच्यांचा इथे नेहमी गोंधळ होतो. अशा साक्षी मी लहानपणापासून ऐकतोय. कोण कुठल्या वाक्याला नाक ओढणार ते मला पाठ आहे, सांगितलं तर करूनही दाखवतो. तर तुम्ही त्या उडीची वाट बघत असाल तर आत्ताच सांगून टाकतो. उडी नाही. माझे वडील, आबा, आजही उजवा पाय ओढत चालतात. आमच्या गल्लीत त्यांच्या चपलेचा फर्र आवाज आला तर कुत्रंसुद्धा मान वर करत नाही, एवढी सगळ्यांना सवय झालीय.

मग तुम्ही म्हणाल, हा देवावर चिडून चर्च सोडल्याची गोष्ट सांगणार. तेही नाही. मी दर रविवारी जातो. शेवटच्या बाकावर बसतो, पण जातो.

गोष्ट एका शब्दाची आहे.

आबा एसटीत कंडक्टर होते. शहादा डेपोला आयुष्य काढलं. ज्या माणसाने तीस वर्षं "पुढे सरका, मधे जागा शे" हे ओरडून काढली, त्याला बोलायला कारण लागत नाही. घरी असले तरी बोलायचे, नसले तरी त्यांनी सकाळी बोललेलं घरात फिरत राहायचं. रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी, एका सकाळी ओट्यावर दात घासताना त्यांच्या हातातला तांब्या पडला. आईने वाकून बघितलं तर तोंड एका बाजूला गेलेलं. लकवा.

नंदुरबारच्या दवाखान्यात आम्ही तीन आठवडे होतो. चौथ्या की पाचव्या दिवशी आई त्यांना चमच्याने पेज भरवत होती. दोन चमचे गेले. तिसरा तोंडाजवळ नेला तर आबा स्पष्ट, एकदम खणखणीत आवाजात म्हणाले, "कसाले?"

आई चमचा धरून रडायलाच लागली, मी आनंदाने वॉर्डबॉयला मिठी मारली. आम्हाला वाटलं, गाडी सुरू झाली. पण पुढच्या स्टॉपला पण कसाले, त्याच्या पुढच्याला पण कसालेच. डॉक्टरांनी समजावलं की डोक्यातली बोलायची जागाच दुखावली, अशा वेळी कधीकधी एखादा शब्द तेवढा शिल्लक राहतो. समजतं सगळं, आत वाक्यंही असतात, पण बाहेर पडताना तोच एक शब्द पडतो. कुठला राहील ते आपल्या हातात नसतं. बाजूच्या पलंगावर एक बागाईतदार आजोबा होते, त्यांच्या तोंडात आईवरची एक शिवी राहिली होती. नातसून भेटायला आली तरी तीच, देवाचा प्रसाद आला तरी तीच. त्यांच्या सुना बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या. त्यांच्याकडे बघून आई म्हणायची, "आपलं बरं शे बा."

आमच्याकडे कसाले म्हणजे नुसतं कशाला नाही. हे अहिराणी बोलणाऱ्याला सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. पाहुण्याला चहा विचारला की तो "कसाले" म्हणतो, म्हणजे राहू दे, त्रास नको. आणि लगेच बसतो, म्हणजे ठेव. दुकानदाराने भाव सांगितला की "कसाले" म्हणजे तुला वेड लागलं का. पोरगी सूरतहून फोन करून विचारते, "आबा, मी यिऊ का?" त्यावर "कसाले" म्हणजे ये. आबांकडे आता हा एकच शब्द होता, पण त्याला चाली भरपूर होत्या, आणि चाली ओळखणं हा तर माझा धंदाच. म्हणजे पोटापाण्याचा धंदा मोबाईल दुरुस्तीचा, बसस्टँडसमोर, पण खरा धंदा आवाजांचा. शाळेत असताना मी हेडसरांच्या आवाजात माईकवरून अर्धा दिवस सुट्टी जाहीर केली होती. निम्मी शाळा घरी पोचली होती. महिन्याभरात मी आबांचं घरगुती भाषांतर करायला लागलो. लांबट, शेवटी खाली गेलेलं कसाले म्हणजे पंखा बंद कर. तुटक म्हणजे बातम्या लाव. नाकातून आलं तर शेजारीण आली, मला झोपलेला दाखव.

सगळं मजेत चाललं होतं. अडचण पाळकसाहेबांची झाली.

आमचे पाळक, म्हणजे पास्टर, नगरकडचे. माणूस सोन्यासारखा, आबांना दवाखान्यातून आणलं तेव्हा तिथल्या जिन्यावरून उचलायला पहिला हात त्यांचा होता. पण अहिराणी त्यांना येत नाही. दर गुरुवारी संध्याकाळी ते स्कूटीवरून घरी प्रार्थनेला यायचे, आबांचा हात हातात घेऊन विचारायचे, "कसे आहात आबा?" आणि आबा म्हणायचे, "कसाले?" म्हणजे एवढा त्रास घेऊन कशाला आलात. साहेब ऐकायचे ते वेगळंच. त्यांना वाटायचं, हा गुडघ्यावर बसून प्रार्थनेत आयुष्य घालवलेला माणूस मला विचारतोय की हे माझ्या वाट्याला का.

आणि प्रश्न विचारलाय म्हटल्यावर पाळकाला उत्तर द्यावंच लागतं. साहेब चष्मा काढायचे. चष्मा निघाला की उत्तर येणार हे नक्की. "आता बघा हं आबा." पहिल्या गुरुवारी म्हणाले, अवघड पेपर हुशार पोरालाच देतात. आबा म्हणाले, कसाले. मला तर बरोबर वाटलं. हुशार पोराला पेपर द्यायचा तरी कशाला, तो पासच होणार. पुढच्या गुरुवारी म्हणाले, बाप लेकराला मारतो तेव्हा बापाचाच हात जास्त दुखतो. हे ऐकून मी आबांकडे बघितलं, कारण माझ्या बाबतीत तसं कधी जाणवलं नव्हतं. आबांनी मान फिरवली.

तिसऱ्या गुरुवारी साहेबांनी आमच्या भागातलं उदाहरण घ्यायचं ठरवलं. हे त्यांनी करायला नको होतं.

"आता बघा हं आबा. तुमच्या शहाद्यात केळी. माळी काय करतो? केळीच्या फांद्या छाटतो. झाडाला वाटतं, मला का कापतो. पण छाटल्याशिवाय घड धरत नाही."

आबा उठून बसले. लकव्यानंतर पहिल्यांदा कुणाच्या मदतीशिवाय उठून बसले. "कसाले?" ते म्हणाले, आणि डाव्या हाताने हवेत एक उभा खांब काढून दाखवला, वर चार पानं दाखवली, आणि परत, "कसाले?" केळीला फांदी असते कुठे, हे त्या एका शब्दात ज्याला कळलं नाही तो एकटा या घरात नगरचा होता. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "फार खोल वेदना आहे रे. आपण प्रार्थना वाढवू."

साहेबांची स्कूटी वळली की मी चष्मा काढायचो. माझ्याकडे चष्मा नाही, पण काढायचो. "आता बघा हं आबा, भाकरीचं झाड..." आबा अर्ध्या तोंडाने हसायचे. उजवी बाजू तशीच राहायची, डावी एवढी हसायची की दोन्ही बाजूंचा हिशेब निघायचा. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, पाळकनी नक्कल करस, नरकमा जाशी. पण ती पण पदर तोंडाला लावून असायची.

आता एक गोष्ट मी इथपर्यंत लपवली, ती सांगतो. सगळी कसाले चहापाण्याची नव्हती.

एका रविवारी सकाळी मी आरशासमोर दाढी करत होतो. मागे आबा पलंगावर बसून सदऱ्याचं बटण लावत होते. उजवा हात मांडीवर पडलेला, डाव्याने पहिलं बटण. आईला त्यांनी हाताने लांब ठेवलं होतं, मी लावतो म्हणून. माझी दाढी झाली, तोंड धुऊन झालं, तरी पहिलंच बटण. मग हात खाली पडला. त्यांनी वर पत्र्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "कसाले?"

ते कुणाला म्हणाले ते मला कळलं. मला नाही, आईला नाही. मी आरशात होतो, मागे वळलो नाही. शहाद्यात ज्याचा आवाज मी काढला नाही असा माणूस शोधावा लागेल, पण त्या एका कसालेची चाल मी कधी घोळवून बघितली नाही.

आता ताटाची गोष्ट. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे आणि काळ्या मनुका उकळून केलेल्या रसाचे छोटे प्याले. पाळक प्रार्थना करतात आणि पंच ताटं घेऊन बाकाबाकाने फिरतात. आबा पंच. मी चड्डीत होतो तेव्हापासून प्याल्यांचं ताट त्यांच्याच हातात बघितलंय. कंडक्टरला गर्दीत तोल सांभाळायची सवय, त्यामुळे त्यांचा एक थेंब कधी सांडला नाही, आणि याचा त्यांना जरा गर्वही होता. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांना त्या ताटाशिवाय दुसरं काही नको होतं. फिजिओथेरपीच्या पोराने रबरी बॉल दिला, तो त्यांनी बाजूला टाकला. त्यांनी खुणेने स्टीलचं ताट मागवलं. खोकल्याच्या बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं आईने जमवली होती, त्यांत पाणी भरून ते डाव्या हातावर ताट घेऊन ओसरीत फेऱ्या मारायला लागले. पाय फर्र, पाय फर्र, आणि मागे ओली रांगोळी. रोज. हळूहळू रांगोळी बारीक होत गेली.

मग मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, तर सरळ फोन आला. शनिवारी दुपारी पंचांची बैठक आहे, आबांना आणा. विषय ताटाचा.

मला आधीच कळलं होतं काय आहे ते. थोरले पंच म्हणून एक आहेत, साखर कारखान्यातून रिटायर झालेले, आबांचे जुने मित्र आणि स्वभावाने लोखंडी पट्टी. त्यांनी दवाखान्यात आबांना छताकडे बघून कसाले म्हणताना ऐकलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जो माणूस उठताबसता देवाला जाब विचारतोय, त्याच्या हातून मंडळीने प्रभूचा प्याला घ्यायचा का? आधी मन शांत होऊ द्या, मग ताट.

शनिवारी मी आबांना धरून चर्चच्या पायऱ्या चढवल्या. आत पंखा कुरकुरत होता. पाळक, थोरले पंच, आणखी दोघं. मागच्या दाराशी आई आणि दोन बायका उद्याचे प्याले गरम पाण्यातून काढत होत्या, त्यामुळे आत काय बोलतात ते त्यांना व्यवस्थित ऐकू येत होतं.

थोरले पंच आबांसमोर खुर्ची ओढून बसले. "आबा, रागे भरू नका. मी एकच इचारस. देवबद्दल तुमन्हा मनमा तक्रार शे का?"

आबा म्हणाले, "कसाले?"

"दखा," थोरले पंच बाकीच्यांना म्हणाले. "मी सांगं व्हतं."

साहेबांचा हात चष्म्याकडे गेला. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "साहेब, थांबा. तक्रार कसाले करू, असं म्हणतायत ते. हा शब्द तुम्हाला लागलाच नाही अजून."

आणि मी सुरू झालो. आधी चहाचं कसाले केलं, आबांच्या आवाजात, पाहुण्यासारखा खांदा पाडून. मग सूरतच्या बहिणीला ये म्हणणारं. मग भाजीवालीला घालवणारं, पंख्याचं, माझ्या नव्या बुटांवरचं. मागच्या दाराशी प्याल्यांचा आवाज थांबला आणि खुसखुस ऐकू यायला लागली. एक पंच रुमालात हसत होते. मला जोर चढला. मी केळीचं कसाले केलं, आणि ते पुरं कळावं म्हणून त्याच्या आधीचं वाक्यही केलं, साहेबांच्या आवाजात, चष्म्यासकट. "माळी केळीच्या फांद्या छाटतो." सगळे हसले. मग सगळ्यांनी साहेबांकडे बघितलं.

साहेब लाल झाले होते. "म्हणजे," ते हळू म्हणाले, "केळीला फांद्या नसतात?"

"नसतात साहेब," मी म्हणालो.

"आणि आबा एवढे महिने मला चहा नको म्हणत होते?"

"बऱ्यापैकी."

एकटे थोरले पंच हसले नव्हते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, तू गुनी शे. पन मी दवाखानामा जे आयकं ते याम्हाईन एकबी नव्हतं."

मी म्हणणार होतो की तुम्हाला भास झाला. शब्द तोंडात तयार होता. तेवढ्यात आबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि मला मागे सारलं. त्यांनी थोरल्या पंचांकडे बघितलं, मग पुढे भिंतीवरच्या लाकडी क्रुसाकडे. आपला उजवा हात डाव्याने उचलून मांडीवर मधोमध ठेवला, जसं काही पुरावा ठेवतात. आणि म्हणाले, "कसाले?"

ते बटणाचं होतं. याचं भाषांतर कुणाला लागलं नाही, नगरच्या माणसालाही नाही.

साहेबांनी चष्मा काढला. माझे ओठ सवयीने हलायला लागले, आता बघा हं. पण साहेबांनी चष्मा खिशात टाकला. मग म्हणाले, "आबा, मला माहीत नाही."

त्यांनी आपली खुर्ची आबांच्या जवळ ओढली.

"माझ्या बहिणीचं लेकरू गेलं तेव्हाही मला माहीत नव्हतं. तिथंही मी खूप बोललो होतो. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही."

आबांनी डाव्या हाताने त्यांचा गुडघा थोपटला. कंडक्टर असताना गाडीत एखादं पोर रडायला लागलं की असंच थोपटायचे.

थोरले पंच उठले. मला वाटलं, निघाले. ते मागच्या दाराशी गेले, आईकडून प्याल्यांचं ताट घेतलं, पाणी भरून घेतलं आणि आणून आबांच्या डाव्या हातावर ठेवलं. "तक्रार शे ते शे," ते म्हणाले. "मन्ही काय कमी शे का. पन सांडी नको आबा. चाला, दखाडा."

आबा बाकांच्या मधून चालले. पाय फर्र, पाय फर्र. थोरले पंच मागून, ताटाखाली आपला तळहात धरून, पण न लावता. मागच्या भिंतीला हात लावून दोघं परत आले. पाणी सगळं प्याल्यात होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका पंचाने वहीत लिहिलं की ताट आबांकडे राहील, आणि बैठक संपली.

दुसऱ्या दिवशी पहिला रविवार. आबांच्या सदऱ्याची वरची दोन बटणं त्यांनी स्वतः लावली होती, बाकीची आईने. ताट घेऊन ते निघाले, मागे थोरले पंच तळहात धरून. लोक प्याला उचलताना आबांच्या तोंडाकडे बघत होते, पण आबा कुणाकडे बघत नव्हते. एवढं गंभीर मी त्यांना तपासणीच्या स्क्वाडसमोरही बघितलं नाही. कपाळावर घाम, बाकामागून बाक. शेवटच्या बाकापर्यंत आले तेव्हा मला त्यांचा ताण बघवेना. ताट माझ्यासमोर आलं. मी हात पुढे केला, आणि फक्त त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, त्यांच्याच चालीत, चहा नको म्हणणाऱ्या पाहुण्यासारखं म्हणालो, "कसाले?"

आबा हसले. अर्ध्या तोंडाने, पण पोटातून. ताट कलंडलं. थोरल्या पंचांचा तळहात होता म्हणून ताट वाचलं, पण चार प्याले माझ्या सदऱ्यावर आणि ताटातल्या पांढऱ्या भरतकामाच्या रुमालावर आले.

भक्ती संपल्यावर आईने मला चर्चच्या मागे नळावर गाठलं.

"हाई काय तमाशा शे तुले? प्रभूनं ताट व्हतं ते. तुन्हा बाप महिनाभर झाकनासमा पानी भरी भरी चालना, एक थेंब सांडाना नही म्हनीसन, आनि तू तेले हासाडस? लाज वाटस का?"

मी म्हणालो, "आई, ते पण हसले."

"हासतीनच. मन्हा लगीननी वरातमा तेस्ना मित्रसनी जो धिंगाना करा, त्यानापेक्षा तू वाईट शे. आनि काल? काल काय सोंग करं? तुन्हा बापनी देवसंगे काहीच तक्रार नही, आसं पंचासले पटाडी ऱ्हायंता. तुले कोनी सांगं? तेस्नी शे. मन्ही बी शे. रोज सकाळे पानी तापाडतांना मी भांडस. भांडस म्हनीसनच मंग प्रार्थनाले बठता येस. तुले बरं जमस, सगळासना आवाज काढाना आनि आपला मनमातलं गिळी टाकानं. खाले काय दखस? तो रुमाल इकडे आन. मनुकाना डाग शे, वाळना ते जात नही. आधी लिंबू चोळ, मंग साबन. आनि आजना दिन कोनाबी आवाज काढू नको. पाळकना नही, पंचना नही, तुन्हा सोताना बी नही."